रिमॅप केलेली गाडी दर वर्षी पीयूसीत का अडकते?

रिमॅप झालाय (इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, म्हणजे ईसीयूतली, सेटिंग बदलून ताकद वाढवलीय), मोठा इंटरकूलर बसलाय, मागचा सायलेन्सर मोकळा आहे. गाडी रोज नाशिकच्या सिडकोतून सातपूरला ऑफिसात जाते आणि रविवारी कसारा घाट मजेत चढते. तक्रार एकच: पीयूसीची मुदत संपली की रडगाणं सुरू. मागच्या वेळी सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आला, या वेळी लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे बरोबर) मर्यादेबाहेर गेला. मग ट्यूनर लॅपटॉप घेऊन येतो, मिक्श्चर ‘थोडं लीन’ (पेट्रोल कमी, हवा जास्त) करतो, गाडी कशीबशी पास होते आणि पुढच्या वर्षी परत तेच.

याचं कारण बहुतेक वेळा ताकद नसतंच. पीयूसी केंद्रावर गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते आणि पेट्रोल गाडी दोनच ठिकाणी मोजतात, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला. तिथे टर्बोचा बूस्ट जवळपास शून्य. ईसीयूतल्या आकड्यांच्या ज्या तक्त्यातून (नकाशातून) जास्तीचे घोडे येतात, म्हणजे ४,००० च्या वरचा फुल थ्रॉटलचा भाग, त्याकडे ईसीयू त्या पाच मिनिटांत फिरकतसुद्धा नाही. कारखान्यातून १८० पीएसची निघालेली १.८ टर्बो पेट्रोल गाडी रिमॅपनंतर २२० च्या आसपास गेली, तरी आयडलला ती आधीइतकीच स्वच्छ असायला हवी. नसेल, तर ताकद वाढवताना आयडलच्या भागातलं काहीतरी बिघडलंय. ते शोधायचं आणि तोवर ट्यूनला हात लावायचा नाही.

मर्यादा एकदा पाठ करून ठेवा. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल चारचाकीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम. २५०० वर (दोनशे इकडेतिकडे) सीओ ०.२ टक्के आणि लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३ किंवा कंपनीने जाहीर केलेला. बीएस-२ आणि बीएस-३ ला आयडलवर ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम चालतं, म्हणून जुन्या गाडीवाल्या मित्राचा अनुभव तुमच्या गाडीला लावू नका.

आधी चार आकडे मिळवा

प्रमाणपत्रावर सीओ, एचसी, आरपीएम आणि लॅम्ब्डा छापून येतात. निदानाला तेवढं पुरत नाही. चार वायूंच्या यंत्राच्या पडद्यावर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि ओटू (ऑक्सिजन) पण दिसतात. प्रोब (यंत्राची नळी) सायलेन्सरच्या आत असताना आयडलला एक आणि २५०० ला एक असे पडद्याचे दोन फोटो काढून घ्या. केंद्रवाला नको म्हणत नाही, मागे लाइन नसेल तेव्हा जा इतकंच.

चांगलं कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारी जाळी) असलेल्या, व्यवस्थित गरम गाडीचा सीओ ०.०५ च्या आत असतो, एचसी जेमतेम दोन अंकी, सीओटू १४ ते १५ टक्के आणि ओटू अर्ध्या टक्क्याच्या खाली. पहिल्यांदा सीओ आणि सीओटूची बेरीज करा. ती १३ च्या खाली असेल तर सायलेन्सरच्या पाइपात बाहेरची हवा मिसळतेय, नाहीतर प्रोब पुरता आत गेलेला नाही. अशा वेळी बाकीचे सगळे आकडे पातळ झालेले असतात आणि त्यांवरून काढलेला कुठलाही निष्कर्ष चुकतो.

बेरीज ठीक असेल तर पुढे वाचा. सीओ जास्त, ओटू जवळजवळ शून्य, लॅम्ब्डा ०.९७ च्या खाली: पेट्रोल जास्त पडतंय. सीओ कमी, एचसी आणि ओटू दोन्ही जास्त: मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. सीओ-एचसी दोन्ही छान आणि फक्त लॅम्ब्डा १.०५ किंवा १.०८: एक्झॉस्टमध्ये लिकेज. सीओ ०.४-०.५, एचसी शंभर-दीडशे आणि लॅम्ब्डा बरोब्बर १.००: इंजिन आपलं काम करतंय, कॅट करत नाहीये. सगळ्यात फसवा नमुना म्हणजे सीओ आणि ओटू दोन्ही एकदम जास्त. त्याचं कारण पुढे येतंय.

लिकेज

डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्टचा पाइप) बदललेल्या गाड्यांत हा पहिला संशयित. लिकेज कुठे आहे यावर सगळा खेळ आहे. कॅटच्या मागे, म्हणजे मधल्या सायलेन्सरच्या जोडावर असेल, तर फक्त बाहेरची हवा मिसळते आणि लॅम्ब्डा वर जातो. इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो. पण पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, टर्बोच्या फ्लेंजवर (पाइपाच्या जोडाच्या सपाट कडेवर) किंवा व्ही-बँडच्या क्लॅम्पवर फट असेल, तर एक्झॉस्टच्या प्रत्येक धक्क्यामागे जो क्षणभर कमी दाब तयार होतो त्यात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिक्श्चर लीन आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो. झालं, सीओ पण जास्त आणि ओटू पण जास्त. या गाडीला ट्यूनमध्ये लीन करणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलत बसणं.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चालू करा आणि दुसऱ्याला ओला जाड फडका सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरायला सांगा, पाच-सात सेकंद पुरे. दोन तोंडं असतील तर दोन्ही बंद करायची. बॉनेटखाली कान द्या: फुसफुस ऐकू येते. जोडांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे जागा दाखवतात. जुनं लिकेज डोळ्यांनीही दिसतं. फ्लेंजच्या कडेवर काजळीचा पंख्यासारखा पसरलेला काळा डाग असतो, टोक फटीकडे आणि फैलाव बाहेर. तो डाग दिसला की गॅस्केट बदला, आणि फ्लेंज सपाट आहे का ते सरळ पट्टीने बघा. वाकलेल्या फ्लेंजवर नवं गॅस्केट महिनाभरात पुन्हा फुंकतं. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंग करून देणारी जॉबवर्कची दुकानं पुष्कळ आहेत, तिथे फ्लेंज घासून आणा.

एक पद्धत इथे सर्रास चालते: वर्षभर मोकळा पाइप आणि पीयूसीच्या दिवशी मूळ कॅट. कायद्याचं पुढे बघू, पण नुसत्या मेकॅनिकच्या नजरेनेही हा धंदा तोट्याचा आहे. दर खेपेला स्टड ताणले जातात, गॅस्केट दबतं, सेन्सरचे आटे खराब होतात. शेवटी कॅट बसवलेलं असूनही गाडी लिकेजमुळे नापास होते.

कॅट

कॅट साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे काम करायला लागतं. कंपनीचं कॅट टर्बोला चिकटून असतं आणि त्याच्या जाळीत दर चौरस इंचाला ४०० ते ६०० घरं असतात. बाजारातल्या ‘स्पोर्ट्स’ डाउनपाइपमध्ये बहुधा २०० घरांचं कॅट असतं आणि तेही फूट-दीड फूट मागे सरकवलेलं. हायवेवर ते ठीक चालतं. पीयूसीच्या लाइनीत दहा मिनिटं आयडलवर उभं राहिलं की थंड पडतं. ओळखायची खूण: प्रोब घातल्या घातल्या सीओ ०.१, आणि दोन-तीन मिनिटांत तो चढत चढत ०.४ वर. तेच २५०० वर तीन मिनिटं रेस दिली की परत खाली येतो. असं होत असेल तर कॅट मेलेलं नाही, गारठलंय.

रोजच्या गाडीला २०० चं कॅट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ कॅट ठेवून केलेला स्टेज १ (फक्त सॉफ्टवेअरचा) रिमॅप रोजच्या वापरात ज्या रेंजमध्ये गाडी फिरते तिथे जवळपास तेवढाच जोर देतो. वरच्या आरपीएमला जे थोडे घोडे जास्त मिळतात, ते द्वारका चौकात काय कामाचे? कॅट खरंच मेलं असेल आणि बदलायचंच असेल, तर कंपनीचं किंवा त्याच जागी बसणारं ४०० घरांचं घ्या आणि टर्बोपासून कॅटपर्यंतच्या तुकड्यावर हीट शील्ड परत लावा. फिटर ती ‘आवाज करते’ म्हणून काढून ठेवतात.

कॅट मरतं कशाने? मिसिंगने आणि ‘पॉप्स अँड बँग्स’ ट्यूनने. रात्री कॉलेज रोडवर फटाके फुटल्यासारखे आवाज काढत जाणाऱ्या गाड्यांत पाय काढल्यावर मुद्दाम पेट्रोल टाकून ठिणगी उशिरा देतात. ते पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतं. कॅटचं तापमान ९०० अंशांच्या पुढे गेलं की आतल्या धातूंचा थर बसका होतो, आणखी वर गेलं की जाळीच वितळते. मग जोर कमी होतो, लोक म्हणतात टर्बो गेला. थंड कॅटवर रबरी हातोडीने हलकं ठोका. आत खुळखुळ आवाज आला तर जाळी तुटली आहे. ट्यूनमध्ये हा प्रकार असेल तर नवं कॅट बसवण्याआधी तो काढून घ्या.

मागच्या सेन्सरवरूनही अंदाज येतो. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा) लावा, इंजिन गरम करून २५०० वर धरा. मागचा सेन्सर ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास शांत असेल तर कॅट जिवंत आहे. तो ०.१ ते ०.८ असा सतत उड्या मारत असेल तर कॅटमध्ये ऑक्सिजन साठवायची ताकद उरलेली नाही. ‘कॅट कमजोर’ सांगणारा पी०४२० हा कोड ट्यूनमधून बंद केलेला असेल तर दिवा लागणार नाही. पीयूसीच्या यंत्राला त्याचं काही सोयरसुतक नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. कलम १८२-अ च्या पोटकलम ४ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅट काढणं यात सरळ सरळ बसतं. पीयूसी पास झाली म्हणून बाकीचे बदल कायदेशीर ठरत नाहीत, आणि केलेले बदल विमा कंपनीला कळवले नसतील तर क्लेमच्या वेळी ते निघतातच.

पेट्रोल जास्त पडतंय

इथे ओबीडीवरचे फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो (अधिक) किंवा कमी करतो (उणे) ते आकडे. शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (साठवलेला) ट्रिम यांची बेरीज आयडलला आणि २५०० ला वेगवेगळी लिहा. दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या. आयडलला अधिक दहा-बारा आणि २५०० ला नॉर्मल असेल तर व्हॅक्युमची गळती. दोन्हीकडे अधिक असेल तर हवा मोजणारा (एअर मास) सेन्सर किंवा पेट्रोलचा दाब. आयडलला उणे बारा-पंधरा असेल तर कुठून तरी जास्तीचं पेट्रोल येतंय, ते शोधायचं.

आता पंपावर इ-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. इ-१० च्या दिवसांत केलेल्या ट्यूनवर त्यामुळे ट्रिम सुमारे चार टक्के अधिक दिसतो. तो दोष नव्हे, इथेनॉलला हवाच कमी लागते. पीयूसीत याने काही अडत नाही, ईसीयू सावरून घेतो. फुल थ्रॉटलला मात्र मिक्श्चर तितकंच लीन होतं आणि तिथे ते परवडत नाही, म्हणून जुनी फाइल इ-२० साठी तपासून घ्या. वाइडबँड मीटरवर (मिश्रण मोजणाऱ्या) १४.७ हा हवा-पेट्रोल गुणोत्तराचा आकडा न बघता लॅम्ब्डा बघा. इ-२० चं बरोबर मिश्रण १३.५ ला असतं, पण पेट्रोलवर सेट असलेला मीटर तिथेही १४.७ च दाखवतो आणि नवशिका ट्यूनर गोंधळतो.

उणे ट्रिमचं नाशिकच्या उन्हाळ्यातलं पहिलं कारण म्हणजे कॅनिस्टर, टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणारा डबा. पंपावर ऑटो-कट झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणून गळ्यापर्यंत पेट्रोल भरायची आपली सवय. ते पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि पर्ज व्हॉल्व्हमधून आयडलला इनटेकमध्ये ओढलं जातं. तपासायला मिनिट लागतं: इंजिन गरम, आयडलला, पर्ज व्हॉल्व्हची रबरी नळी पकडीने हलकेच चिमटा. उणे पंधराचा शॉर्ट ट्रिम शून्याकडे आला तर गुन्हेगार सापडला. व्हॉल्व्हची वायर काढल्यावरही त्यातून फुंकर आरपार जात असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय, बदला. जात नसेल तर दोन टाक्या ऑटो-कटपर्यंतच भरा, कॅनिस्टर आपोआप वाळतं.

दुसरं कारण, हवेत उघडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोची जास्तीची हवा सोडणारा). एअर मास सेन्सरने मोजलेली हवा तो बाहेर सोडून देतो आणि त्या हवेचं पेट्रोल मात्र पडतं. चाचणीत २५०० वरून पाय काढला की सीओ उसळतो. स्प्रिंग सैल असेल तर आयडलच्या व्हॅक्युमवर तो किंचित उघडाही राहतो. मूळचा, हवा परत आत सोडणारा व्हॉल्व्ह लावा. आवाज कमी येईल, दुसरं काही जाणार नाही.

तिसरं, मोठे इंजेक्टर. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत कंपनीच्या दुप्पट क्षमतेचे इंजेक्टर बसवले की आयडलला ते जेमतेम एक-दीड मिलिसेकंद उघडतात, आणि इतक्या थोड्या वेळात त्यांचा हिशोब सरळ राहत नाही. त्यात डेड टाइमचं (करंट मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतच्या वेळेचं) टेबल व्होल्टेजवर अवलंबून. एसी बंद, १४ व्होल्ट: सगळं ठीक. रेडिएटरचा पंखा फिरायला लागला, व्होल्टेज १३ च्या खाली आलं, टेबल अंदाजे भरलेलं असेल तर लगेच रिच (पेट्रोल जास्त) किंवा लीन. हे घरीच बघता येतं: आयडलला हेडलाइट, डिफॉगर आणि ब्लोअर एकदम चालू करा आणि ट्रिम हलतो का ते पाहा. हलला तर इंजेक्टर बनवणाऱ्याचा डेटा मागून टेबल नीट भरा. दुसऱ्याच्या गाडीतलं टेबल उचलून टाकू नका.

लीन, मिसिंग आणि धूळ

मोठ्या इनटेक पाइपचं गणित बहुतेक जण करत नाहीत. एअर मास सेन्सरच्या जागी ७० मिलिमीटरचा पाइप काढून ७६ चा टाकला तर क्षेत्रफळ १८ टक्के वाढतं. सेन्सरच्या तापलेल्या तारेवरून हवा सावकाश जाते आणि सेन्सर त्या प्रमाणात कमी मोजतो. ट्रिम अधिक अठराला जाऊन भिडतो. ईसीयू सावरतो तोवर ठीक, मर्यादा संपली की दिवा. सेन्सरचं घर मूळ व्यासाचं ठेवा किंवा ट्यूनमध्ये स्केलिंग बदला. तेल लावायच्या कोन फिल्टरमधलं तेल तारेवर बसतं. एअर मास सेन्सरच्याच स्प्रेने धुवा, कार्ब क्लीनर मारू नका. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खणलेल्या रस्त्यांची धूळ बघता उघड्या कोन फिल्टरपेक्षा कंपनीच्या पेटीत कागदी फिल्टर बरा.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोलमध्ये आयडलला लीन दिसलं तर आधी पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा बघा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उचला. ते चोखून धरल्यासारखं घट्ट असेल आणि शिट्टी वाजत असेल तर पडदा फाटलाय. याच घराण्यातल्या १.८ ऑटोमॅटिकचा कोरड्या क्लचचा सात-स्पीड डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बनवलाय, एवढं रिमॅपचा टॉर्क ठरवताना डोक्यात असू द्या.

मिसिंगला फार लिहायची गरज नाही. बूस्ट वाढवला की प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात आणि एक पायरी थंड प्लग घालतात. पण दोन पायऱ्या थंड घातले तर शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ते काळे होतात आणि एचसी वाढतो. कॉइलचं रबर तडकलेलं असेल तर तेही. कॅम बदललेला असेल आणि ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) जास्त असेल, तर व्हेरिएबल टायमिंगने आयडलला आणि २५०० ला ओव्हरलॅप शून्याजवळ आणा; एचसी तिथूनच येतो.

मुंबईत बनवलेली फाइल नाशिकला आणली तर एक गोष्ट विचारून घ्या. इथे समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंची आहे आणि हवेचा दाब सहा-सात टक्के कमी. फक्त थ्रॉटलच्या उघडझापीवर चालणारा स्टँडअलोन (कंपनीच्या ऐवजी बसवलेला) ईसीयू असेल आणि त्यात बॅरोमीटरची दुरुस्ती चालू नसेल, तर गाडी इथे तितकीच रिच चालते.

चाचणीच्या दिवशी

पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे गाडी गरम झाली असं नाही. तेल मागे असतं, कॅट त्याहून. पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागा, वाडीवऱ्हेपर्यंत जाऊन परत या, शेवटची दहा मिनिटं एक गिअर खाली ठेवून ३,००० च्या आसपास. केंद्रावर लाइन असेल तर इंजिन बंद करू नका. नंबर आला की एसी, दिवे, ब्लोअर बंद, २५०० वर दोन-तीन मिनिटं रेस धरा, मग प्रोब. प्रोब किमान ३० सेंटिमीटर आत गेला पाहिजे. आत अडथळा असलेल्या फॅन्सी टिपमध्ये तो वीत-दीड वीतच जातो, तेव्हा टिप आधी काढून या. दोन तोंडांच्या सायलेन्सरला दुसऱ्या तोंडातून खरंच हवा येते की ते नुसतं शोभेचं आहे, हे केंद्रवाल्याला सांगा.

तेल बदलून बरेच दिवस झाले असतील आणि गाडी छोट्या फेऱ्यांतच फिरत असेल तर तेलात पेट्रोल उतरलेलं असतं आणि ते पीसीव्हीतून परत जळतं. अशा वेळी आधी तेल बदला. पीयूसी प्रमाणपत्रासाठीचा ओटीपी गाडीच्या नोंदणीत असलेल्या मोबाइलवर येतो, जुना नंबर असेल तर आधी तो बदलून घ्या.

पास झाली तरी पडद्याचे दोन्ही फोटो ठेवा आणि त्यांच्याबरोबर ट्यून फाइलचं नाव, ट्रिमचे आकडे आणि प्लगचा गॅप लिहून ठेवा. बीएस-४ आणि बीएस-६ ला पीयूसी वर्षभर चालते. पुढच्या वेळी सीओ ०.०५ चा ०.१५ झालेला दिसला तर गाडी पास असतानाच कॅट आणि लिकेज तपासायला घ्या.